सर्वांत थंड जागा

साखर मोजायच्या यंत्रावर आकडा उमटला, दोनशे ब्याऐंशी. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बायकोकडे पाहिलं.

“आज काय खाल्लंस, खरं सांग.”

जेवणाशिवाय काही नाही, ती म्हणाली. हे उत्तर ऐकून ऐकून सरांचे कान किटले होते. इन्सुलिन ते स्वतः टोचत. वेळ घड्याळ लावल्यासारखी, मात्रा काटेकोर. तरी तीन महिने साखर उतरायचं नाव घेत नव्हती. म्हणजे बाईसाहेब चोरून खातात, दुसरं काय? त्यांनी बिस्किटं मोजून ठेवली. तिच्या कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली हात घालून पाहिलं. काही हाती लागलं नाही, तेव्हा ती आपल्यापेक्षा हुशार निघाली, एवढाच अर्थ त्यांनी काढला आणि लेकीलाही फोन करून तसं सांगून टाकलं. सुरुवातीला बायको भांडली, रडली. गेला महिनाभर मात्र गप्प होती. सरांच्या हिशेबी ती कबुलीच होती. इकडे तिच्या पायाची जखम भरत नव्हती आणि डॉक्टर बोट काढण्याची भाषा बोलू लागले होते.

सरांनी पस्तीस वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं. वर्गात ते लोकरीचा गुंडा घेऊन जात. प्रथिनाची साखळी लांबलचक असते, पण नेमक्या घड्या पडून तिचा गोळा झाला तरच ती कामाची, मग ते प्राणवायू वाहणारं हिमोग्लोबिन असो, अन्न पचवणारं विकर असो, नाहीतर इन्सुलिन. घडी विस्कटली की माल तोच, काम शून्य. मग ते उकडलेलं अंडं टेबलावर ठेवत आणि म्हणत, करा आता हे परत कच्चं. उष्णतेचा त्यांनी असा धसका घेतला होता, की फ्रिजच्या दारातली इन्सुलिनची बाटली त्यांना बघवली नाही. दार सारखं उघडतं. त्यांनी ती उचलून पार मागे, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवली. सकाळी काचेवर हिम दिसलं की त्यांना बरं वाटायचं. आतलं औषध घट्ट झालेलं असलं तर ते बाटली तळहातांमध्ये फिरवून पातळ करून घ्यायचे.

त्या दुपारी ते नवी बाटली आणायला गेले. औषधांचं दुकान चालवणारी बाई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. जाता जाता सरांनी तिच्यापाशी बायकोची तक्रार केली, आणि आपण औषध किती जपतो तेही ऐकवलं. बाईचा हात पिशवी बांधता बांधता थांबला.

“सर, गोठल्यावरही घडी विस्कटते,” ती हळूच म्हणाली. “तीन महिने तुम्ही नुसतं पाणीच टोचत होतात म्हणा ना.”

सर पिशवी घेऊन दुकानाची पायरी उतरले. एवढा शिकलेला माणूस, आणि संशय घेतला तो बायकोवर. बाटलीवर नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी नवी बाटली दारातल्या खणात ठेवली, जुनी कचऱ्यात टाकली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. चूक माझी होती, तू काहीही खाल्लं नव्हतंस, असंही स्पष्ट म्हणाले. आता ती तोंडाला येईल ते बोलेल आणि आपण निमूट ऐकून घेऊ, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

ती ओट्याला टेकून उभी होती.

“नक्की ना?” तिने विचारलं.

“नक्की.”

तिने मोठा श्वास सोडला आणि डोळ्यांना पदर लावला.

“महिनाभर मी झोपताना साखरेच्या डब्याला दोरा गुंडाळून ठेवत होते, आणि सकाळी उठून आधी तो बघत होते,” ती म्हणाली. “तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होता, की मला वाटायला लागलं, मी झोपेत उठून खाते.”