कच्चे टाके

"मार्कांचा रकाना कोरा कसा?" मुख्याध्यापकांनी वह्यांचा गठ्ठा इंग्रजीच्या बाईंकडे सरकवला.

बाईंचे वडील जाऊन सोळा दिवस झाले होते. त्या आजच कामावर आल्या होत्या. सांत्वनाची दोन वाक्यं दारातच उरकून सरांनी मुद्द्याला हात घातला होता. सहामाहीला अजून दोन महिने होते. पण सरावाच्या निबंधांना आत्ताच मार्क द्यायचे आणि तळाची नऊ मुलं उद्यापासून शेवटच्या तुकडीत पाठवायची, असं ठरलं होतं. पहिल्या खर्ड्यावरून सरांनी काढलेली नावांची यादी टेबलावर तयार होती.

बाईंनी यादीतल्या शेवटच्या मुलीची वही उघडली. पहिल्या खर्ड्यात पाच ओळी, पाचही लंगड्या. समासात बाईंचा पेन्सिलीतला प्रश्न : आजी पडली तेव्हा तू कुठे होतीस? दुसऱ्या खर्ड्यात मुलगी स्वयंपाकघरात होती आणि ओळी अकरा होत्या. तिसऱ्यात आजी तिचा हात धरून उठत होती. चुका चारच उरल्या होत्या.

चौथा खर्डा व्हायचाय, असं बाई म्हणाल्या.

सरांनी वही मिटली. अर्धवट कामाला पालक विचारत नाहीत आणि पेन्सिलीचे शेरे पुसले जातात, असं ऐकवलं. मार्क भरायचे नसतील तर राजीनाम्यासाठी कागद देतो, हेही हसत हसत सांगून टाकलं.

पेन काढायला बाईंनी पर्समध्ये हात घातला. बोटांना शिंप्याचा चपटा खडू लागला. वडिलांचं दुकान आवरताना त्यांनी तेवढाच ठेवून घेतला होता.

त्यांनी वर पाहिलं. सरांच्या अंगातला, वडिलांनी शिवलेला राखाडी कोट त्या ओळखत होत्या. तीन-तीनदा ट्रायलला बोलावता म्हणून सर दुकानात तडतडले होते, तेव्हा त्या आत काजं करत बसल्या होत्या.

"सर, पहिल्या ट्रायलला बाबांनी तुम्हाला किती मार्क दिले होते?"

"म्हणजे?"

"तुमचा डावा खांदा उतरता आहे. कच्च्या टाक्यांवरच बाबांना तो दिसला. त्यांनी खडूने खूण केली, आतून पातळ पॅड लावलं, खूण पुसून टाकली. तुम्हाला शेवटच्या गिऱ्हाइकांत नाही बसवलं."

बाई उठल्या. नऊ नावांची यादी त्यांनी गठ्ठ्यात खोचली आणि गठ्ठा काखेत मारला. चौथा खर्डा शुक्रवारी होईल, राजीनाम्याचा कागद तोवर तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाल्या. सरांनी त्यांना अडवलं नाही.

दारातून बाईंनी मागे पाहिलं. सर कपाटाच्या काचेसमोर उभे होते. कोटात दोन्ही खांदे अगदी एका रेषेत होते. उजव्या हाताने ते डावा खांदा चाचपत होते. बारा वर्षं तो कोट घालूनही त्यांना स्वतःला हे आजच कळत होतं.