तळपायाच्या गुदगुल्या

“डोळे मिटा, काका. टेकलेलं कळलं की हो म्हणायचं.” डॉक्टरीणबाईंनी नायलॉनचा बारीक धागा वेल्डरकाकांच्या तळपायाजवळ नेला.

काका ऐटीत आडवे झाले होते. लोखंडी फाटकं जोडण्यात हयात गेलेला माणूस, धाग्याला काय भिणार! “हो,” ते ठणकावून म्हणाले. धागा अजून वीतभर लांब होता.

काकू शेजारी त्यांचे बूट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कालच त्यातून त्यांनी टोकदार स्क्रू काढला होता. काका तो पायाखाली तसाच घेऊन दिवसभर बाजारात हिंडले होते आणि वर “जरासुद्धा दमलो नाही” म्हणून मिरवले.

“साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पेशींना आतून गंज लागल्यासारखं होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लांबच्या नसा आधी जातात. म्हणून पाय.”

“गंज होय? मग घासा खसाखसा आणि वरून रेडऑक्साइडचा हात मारा!”

“आत घासता येत नाही, काका. उरलंय ते जपायचं.” त्या औषधं लिहायला टेबलाकडे वळल्या. काकांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

काकूंना हसू आलं नाही. हाच तो तळपाय! नव्या संसारात हे महाशय हाकांनी कधी उठलेच नाहीत. मग त्या पांघरुणात हात घालून तळव्यावर नुसतं एक बोट फिरवायच्या, की एवढा थोरला माणूस किंचाळत भिंतीला चिकटायचा. आतून सासूबाई विचारायच्या, “उठला का गं?” किती हसायचं ते घर! फिनेलच्या वासाच्या या खोलीत काकूंना त्यातली एखादी सकाळ फार हवीशी वाटली.

त्यांनी बूट खाली ठेवले. टाचेपासून अंगठ्यापर्यंत हळूच बोट फिरवलं. काका ढिम्म. पुन्हा फिरवलं, जरा दाबून.

“तपासा की, बाई,” काका म्हणाले. “थांबलात का?”

शेवटी त्यांनी डोळे उघडले. तळव्यावरचं बोट दिसलं, मग बायकोचा चेहरा.

“अगं, अगं, नको!” काका एकदम किंचाळले आणि पाय ओढून घेत भिंतीला जाऊन चिकटले.

डॉक्टरीणबाईंनी दचकून मागे पाहिलं. “काय झालं, काकू?”

काकूंनी पदरानं डोळे टिपले.

“उठले हो,” त्या म्हणाल्या.