नमुना क्रमांक तेवीस

बाबांनी टोस्टचा कोपरा तोडला, जिभेवर ठेवला, टाळूला दाबला आणि डोळे मिटले. मुलगी ओट्याला टेकून उभी राहिली. हात तिने पाठीमागे धरले होते. टेबलावर कोमट पाण्याचा पेला, थुंकायची वाटी, पेन्सिल आणि चिठ्ठ्यांचं पॅड. बशीला लावलेल्या लेबलवर नंबर होता, तेवीस.

बाबा एकतीस वर्षं डेअरीत लोणी चाखायचे. हेच काम, याचाच पगार. नमुन्यावर फक्त नंबर असायचा. माल कुणाचा, हे चाखणाऱ्याने विचारायचं नाही. टाळूला लावायचं, नाकातून श्वास सोडायचा, थुंकायचं, चूळ भरायची आणि शंभरपैकी गुण लिहायचे. साठाच्या खाली नापास. गिळायचं कधीच नाही. गिळलं की पुढच्या नमुन्यावर अन्याय होतो. आणि चिठ्ठीवर खोटं लिहायचं नाही. लग्न ठरलेलं असताना त्यांनी एका नमुन्याला बावन्न गुण दिले. तो होणाऱ्या सासऱ्यांचा निघाला. चिठ्ठी बदलली नाही, लग्न सहा महिने पुढे गेलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांचा विषय कुणी काढला, की बाबा गंभीरपणे विचारायचे, खाल्लं ते ठीक, पण प्रत कशी होती?

हृदयविकाराचा दुसरा झटका आल्यावर डॉक्टरांनी लोणी बंद केलं. बाबांनी विचारलं, चाखून थुंकलं तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, घरात आणायचंच नाही. मग बाबा कोरड्या टोस्टकडे बघत बसू लागले, जसं एखाद्याने न सांगता घर बदललेल्या मित्राच्या बंद दाराकडे बघावं. आठवड्याभरात त्यांनी नाश्ता सोडला, मग जेवणही अर्ध्यावर आणलं. हृदयाच्या आधी पोटच हात टेकणार, अशी चिन्हं दिसायला लागली.

मुलगी एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळायची. वजनकाटा, बरण्या, लेबलं हे तिचं रोजचंच. तिने ठरवलं, लोण्याला पर्याय सापडेपर्यंत थांबायचं नाही. रोज सकाळी बाबांपुढे एक टोस्ट आणि एक नंबर. कशाचं आहे, हे सांगायचं नाही. चिठ्ठ्या फ्रिजवर चिकटत गेल्या. नमुना एक, लिंबू घालून कुस्करलेला अव्होकाडो: ‘३१. रंग ओल्या भिंतीचा. चवही.’ नमुना सहा, उकडलेले चणे, लसूण, ऑलिव्ह तेल: ‘४४. एवढा लसूण म्हणजे काहीतरी लपवायचं आहे.’ नमुना अकरा, भाजून घोटलेला भोपळा: ‘१९. हा भोपळा आहे.’

नापास माल जावई खायचा. त्याला तक्रारीचा पूर्ण हक्क होता, पण ती ऐकायला सासूबाई हयात नव्हत्या. तीन आठवड्यांत त्याचं वजन चार किलोंनी वाढलं.

पण बाबा उठून बसू लागले. दाढी करून टेबलाशी यायचे, पेन्सिलीला टोक काढायचे. सतराव्या नमुन्याला त्यांनी दोनदा चूळ भरली. भाजलेले बदाम, जरासं तेल, चिमूटभर मीठ, रेशमासारखं होईपर्यंत वाटलेलं. चिठ्ठी आली: ‘६१. लोणी नाही. पण तसा आवही आणत नाही. पास.’ मुलगी त्या दिवशी शाळेत उशिरा पोचली आणि का हसतेय, हे तिला कुणालाच नीट सांगता आलं नाही. त्यानंतर सतरा नंबरच घरचा झाला. नवे प्रयोग चालू होते, पण ते आता गुण वाढवण्यापुरते.

काल तपासणी होती. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बाकावर बसवलं आणि मुलीला एकटीला आत बोलावलं. पडद्यावर हृदयाचं चित्र दाखवत ते बराच वेळ बोलले. औषधं, शस्त्रक्रिया, सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, आता पथ्य सोडून द्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला. किती दिवस, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

बाहेर येऊन तिने बाबांना सांगितलं, रिपोर्ट चांगला आहे. घरी जाताना ब्रेडच्या निमित्ताने ती दुकानात शिरली आणि तिथलं सगळ्यात चांगलं लोणी घेऊन आली. बदामाच्या बरणीमागे लपवलं. सकाळी दोन टोस्टना जाड थर लावला आणि बशीवर तेवीस नंबर चिकटवला.

बाबांचे डोळे अजून मिटलेलेच होते. त्यांनी नाकातून सावकाश श्वास सोडला. थुंकायची वाटी जवळ ओढली. थोडा वेळ ती हातात धरून ठेवली आणि परत बाजूला सारली.

बाबांनी गिळलं.

मग उरलेला टोस्ट खाल्ला. मग दुसरा. बशीतले चुरे बोटाने टिपले. डोळे उघडले तेव्हा ते खिडकीकडे बघत होते.

“काल डॉक्टरांनी तुला आत बोलावून काय सांगितलं?”

“रिपोर्ट चांगला आहे म्हणाले, बाबा.”

“बरं झालं.”

त्यांनी पेन्सिल घेतली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लिहिलं. चिठ्ठी फाडून तिच्या हातात ठेवली, तिची बोटं एकेक करून मिटली आणि पेला घेऊन चूळ भरायला बेसिनकडे गेले. नळ बराच वेळ चालू राहिला. मुलीने मूठ उघडली.

‘नमुना २३. गुण १२. नापास. उद्यापासून परत सतरा नंबर. पथ्य सोडायचं नाही.’