बिनतेलाची भाजी

"हाही नमुना तपासा," म्हणत साहेबांनी स्वतःचा जेवणाचा डबा प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला. "बिनतेलाचं जेवण कसं असतं, ते कळू दे सगळ्यांना."

त्या आठवड्यात तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या चरबीचा शोध चालला होता. शाळेतल्या मुलांचा पाव, कारखान्यातल्या कामगारांची बिस्किटं, वृद्धाश्रमातलं सूप. जो तो छातीठोकपणे सांगत होता, आमच्याकडे तेलतूप नावालाही नाही. आणि प्रत्येकाच्या नमुन्यातून ते निघत होतं. पावासारखा गरीब चेहऱ्याचा पदार्थही सुटला नव्हता.

साहेब भलतेच खूश होते. वर्षापूर्वी डॉक्टरांनी त्यांना तेल कमी करायला सांगितलं होतं. त्यांनी घरी फर्मानच काढलं, थेंबसुद्धा नको! पुढे रक्ताचा रिपोर्ट सुधारला, तसा उपदेश वाढला. कुणी वेफर्सचं पाकीट फोडलं की साहेब मागे हजर. पाठीमागे सगळे त्यांना 'कोरडे साहेब' म्हणत.

तपासणी करणाऱ्या बाईंनी डब्यातली भाजी वाळवली, कुटली, चरबी विरघळवणाऱ्या द्रावकात उकळली. द्रावक उडून गेला की काचेच्या चंबूत उरते ती चरबी. दुसऱ्या दिवशी साहेब बघायला आले, तेव्हा सगळे हातातलं काम टाकून उभे होते.

चंबूच्या तळाशी पिवळाधमक थर चमकत होता.

"चंबू नीट धुतला नसेल."

"दोनदा करून पाहिलं, साहेब," बाई चाचरत म्हणाल्या. "बिस्किटांइतकं नाहीये. पण आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी तिथल्या तिथे घरी फोन लावला. रागाच्या भरात बोट स्पीकरवर पडलं, तेही त्यांना कळलं नाही.

"भाजीत काय घालतेस गं तू?"

पलीकडून बायकोचा पडलेला आवाज खोलीभर ऐकू आला. "का हो? आवडत नाही का? उद्यापासून नुसती उकडून देऊ?"

साहेबांच्या जिभेवरून वर्षभरातली एकेक भाजी सरकत गेली. राग कुठल्या कुठे पळाला.

"छे छे, भलतंच काय!" ते घाईघाईने म्हणाले. "आजवर जितकं तेल घातलं नाहीस, उद्याही तितकंच घालू नकोस."