सफरचंदावरचं चीज

रिपोर्ट चांगला आलाय असं नवऱ्याने सांगितलं, म्हणून तिने हौसेने घरच्यांना जेवायला बोलावलं. औषधांमुळे तिला ना चव कळत होती ना वास, फार वेळ उभंही राहवत नव्हतं. तेव्हा गोडाला सोपंच काहीतरी ठरवलं. सफरचंदं अर्धी कापायची, वर मध, दालचिनी, चीज, आणि वीस मिनिटं ओव्हनमध्ये.

धास्ती होती ती नणंदबाईंची. अठरा वर्षांत त्यांनी या घरचं पाणीसुद्धा नावं न ठेवता प्यायलं नव्हतं. आज मात्र पहिला घास घेऊन त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, हा हात इतकी वर्षं कुठे लपवला होतास गं? आण अजून एक!" मग दीर, जाऊ, सगळ्यांनीच मागून मागून ट्रे रिकामा केला.

मंडळी गेल्यावर ती ओटा आवरायला लागली. साधं चीज फ्रिजमध्ये न फोडलेलं तसंच होतं. कचऱ्याच्या डब्यात रिकामं पाकीट होतं, लसूण-मिरची चीजचं.

ती ओट्याला टेकून उभी राहिली.



"अहो," तिने बाहेरच्या खोलीत हाक मारली, "डॉक्टर नक्की किती महिने म्हणाले?"