आप्पांचा जाळ

पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळात रस आटवायच्या काहिलीखाली आता चिपाडं जळत नव्हती, तिथे रिअ‍ॅक्टर बसला होता. विजेच्या हीटरने तो पेटायचा आणि मग स्वतःच उष्णता द्यायचा. पण हीटर बरोब्बर चारशे अंशांवर बंद करूनही दोन रिअ‍ॅक्टर भडकून वितळले होते. इंजिनिअर मैत्रेयीकडे हा शेवटचा उरला होता.

तापमानाचा आकडा तीनशे चाळीसवर आला, तेव्हा पाक पाहणारे म्हातारे आप्पा म्हणाले, "पोरी, जाळ मागं वढ."

"अजून साठ अंश बाकी आहेत, आप्पा!"

"ते त्याचं तो चढंल. जाळ काढला म्हणून चुलवाण लगेच निवतंय व्हय?"

तिने हीटर बंद केला. आकडा चढत चढत चारशेवर गेला आणि तिथेच थांबला.

मैत्रेयीने लॅपटॉप मिटला आणि ती आप्पांशेजारी उकिडवी बसली.

"परत जाळ कधी घालायचा, ते तुम्हीच सांगा."