परत आलेला बाण

पांढरी गाडी गोदामाच्या भिंतीपाशी डावीकडे वळली आणि मागच्या पोलीस गाडीत बाणाने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

शेजारच्या हवालदाराला आधी कळलंच नाही. गाडीचा जोर ओसरला, भोंगा बंद झाला, तेव्हा तो समोरच्या फळीवर थाप मारून ओरडला, "अरे, दाब ना! हातातोंडाशी आलाय!" बाणाने गाडी भिंतीच्या कडेला घेतली, पाठलाग सोडल्याचं वायरलेसवर कळवलं आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं पाहिलं.

घरी दूध आणायला सांगितलं तर हा माणूस अर्धा तास चपला शोधतो, असं त्याची बायको म्हणायची. पण भोंगा वाजला की पुढे पळणारी गाडी त्याच्या तावडीतून सुटत नसे. नाव पडलं ते त्यावरूनच. ठाण्याकडे पाठलागाच्या गाड्या दोन. त्यातली दुसरी मागच्या महिन्यात तिच्या चालकाने चोरामागे धावताना बसथांब्यात घातली होती. थांबा रिकामा होता म्हणून एका पायावरच निभावलं. गाडी अजून गॅरेजात होती, चालक प्लास्टरमध्ये. त्यानंतर सगळ्या चालकांना उजळणीच्या वर्गाला धाडलं गेलं. तिथल्या जाड्या शिक्षकाचं एकच पालुपद असायचं: "पुढचं दिसत नसेल तर वेग सोडा. चोर गेला तर गेला." बाण मागच्या बाकावर बसून जांभया द्यायचा. त्या जांभयांतूनही काहीतरी आत गेलं असावं.

ठाण्यात बातमी त्याच्या आधी पोचली होती. "सुटलेला बाण परत येत नाही म्हणतात," दारावरचा शिपाई म्हणाला, "आमचा बघा, आला!" सगळे खो खो हसले. बाणही हसला, पण त्याला ते लागलं.

साहेबांच्या खोलीत चोरीला गेलेल्या पांढऱ्या गाडीचा मालक बसला होता. कापडाचा व्यापारी. "डोळ्यांदेखत सोडला हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. साहेबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. बाणाने किल्ली टेबलावर ठेवली.

"वळणावर काय आडवं आलं?"

"काही नाही, साहेब."

"मग सोडलास का?"

"वळणापलीकडचं दिसत नव्हतं."

"आणि याआधी दिसायचं?"

त्याच वळणावरून बाणाने कितीतरी जणांना पिटाळत नेलं होतं. नजर कायम पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर. पाय आपोआप उचलला गेला, हे काही साहेबांना सांगायचं कारण नव्हतं.

"उद्यापासून कैद्यांची व्हॅन," साहेब म्हणाले.

व्हॅन म्हणजे तुरुंग ते कोर्ट आणि कोर्ट ते तुरुंग. तिच्यावर म्हातारे चालक निवृत्तीची वाट बघत बसवले जात. शिपाई उद्या काय म्हणेल, तेही बाणाला आत्ताच ऐकू येऊ लागलं.

तेवढ्यात हवालदार आत आला. पांढरी गाडी दोन गल्ल्या पलीकडे सापडली होती, साधा ओरखडाही नव्हता. चोर पसार झाला होता, पण त्याला पाहिलेली बाई हवालदाराने बरोबर आणली होती. पन्नाशीची, पायात कापडी बूट, बगलेत गुंडाळलेली लाल झेंडी. बालवाडीच्या दारासमोर मुलांना रस्ता ओलांडून देणं हे तिचं काम.

तिने चोराचं वर्णन सांगायला घेतलं. जुळलेल्या भुवया. डाव्या कानाची पाळी फाटलेली. हनुवटीवर चामखीळ. हवालदार लिहून घेताना मागे पडायला लागला.

"बाई, भरधाव गाडीतल्या माणसाची चामखीळ दिसली तुम्हाला?" साहेब म्हणाले.

"भरधाव कुठली, साहेब? आला जोरात, पण आरशात बघितलंन, मागे कोणी नाही. मग कशाला घाई करतोय! मी झेंडी धरली होती, थांबला मुकाट्याने. पोरं एकमेकांची दप्तरं धरून रांगेने चालली होती. शेवटच्याची चप्पल निसटली, तो ती घालायला रस्त्यातच बसला. तरी हॉर्न नाही वाजवला मेल्याने."

व्यापारी घाम पुसता पुसता थांबला. साहेबांनी किल्लीकडे पाहिलं आणि ती बोटाने टेबलावरून बाणाकडे सरकवली.

बाणाला इतकं हलकं वाटलं की त्याला रडूच येईल असं झालं. त्याने हात पुढे केला. बाई आता त्याच्याकडे निरखून पाहत होती.

"ह्यांना ओळखते मी," ती साहेबांना म्हणाली. "बरं झालं भेटले. साहेब, तुम्हीच जरा सांगा ह्यांना. कधी थांबत नाहीत हो. आवाज आला की मी झेंडी टाकते आणि हाताला लागतील तेवढी पोरं मागे ओढते. खांदा गेला माझा ओढून ओढून."

बाणाचा हात किल्लीवरच राहिला. त्याने त्या बाईला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी," त्याने विचारलं, "तुम्ही उभ्या कुठे असता?"

"गोदामाच्या भिंतीपलीकडे. वळलं की लगेच."